चांदणीचा कान

दरड कोसळली त्या दुपारी पोलादपूरकडच्या आमच्या वाडीतल्या सगळ्या शेळ्या आधीच माळावर पळाल्या होत्या. माझी चांदणी मात्र परत येऊन दाराला धडका देत राहिली. काठी घेऊन मी तिच्यामागे धावले, शाळकरी नात पूनम माझ्यामागे. तेवढ्यात घर गाडलं गेलं. परवा चांदणी म्हातारपणाने गेली. पूनम आता मुंबईत गुरांची डॉक्टर होतेय. म्हणाली, “आजी, पुरायच्या आधी हिचा कान स्कॅनमध्ये बघते. दरडीची चाहूल हिला कशी ऐकू आली ते कळेल.” “घरची हाय ती, कापायची नाय.” “नुसता फोटो गो!” बर्फात घालून कॉलेजात नेली. पडद्यावर कानातलं इवलंसं शंखासारखं वेटोळं उमटलं. ते सगळीकडून पाहून पूनम हिरमुसली. “साधाच कान हाय. सगळ्या शेळ्यांसारखा.” “म्हणजे ऐकलं सगळ्यांनीच. दाराशी ही एकटी आली.” पूनमने हातमोजे काढून, मी घरून आणलेल्या पुडीतली हळद चांदणीच्या कपाळाला लावली.