साहेबांची उचकी

"मुजावर, डोकं घरी ठेवून आलात की गहाण टाकलंत? उच्!"

भर ऑफिसात मुजावरांना झापतानाच हुद्दार साहेबांना उचकी लागली. पाणी झालं, साखर झाली, पण ती काही थांबेना.

"कुणीतरी आठवण काढतंय, साहेब," कोंडविलकरबाई म्हणाल्या. "बरोबर नाव घेतलंत की थांबेल."

साहेबांनी आईचं नाव घेतलं, बायकोचं घेतलं, मेहुणीचं जरा हळू घेतलं. उचकी तशीच. मग त्यांची नजर आमच्यावरून फिरू लागली. कोंडविलकरबाईंना ते कालच म्हैस म्हणाले होते आणि मला तर रोजच बिनडोक म्हणत.

"मुजावर. उच्. कोंडविलकर. उच्." ते एकेक नाव घेत गेले आणि आम्ही जीव मुठीत धरून बसलो. शेवटी माझंही नाव झालं. उच्. सुटलो.

तेवढ्यात फोन वाजला. साहेबांनी स्पीकर लावला. त्यांच्या जुन्या शाखेतली मंडळी होती आणि मागे हसण्याचा गलका.

"साहेब, तुमची बदली झाली त्याला आज वर्ष झालं. आम्ही पेढे वाटले. तुमची फार आठवण निघाली, म्हटलं कळवावं."

उचकी थांबली. साहेबांचे डोळे पाणावले.

"बघा," ते आमच्याकडे वळून म्हणाले, "याला म्हणतात माणसं. शिका जरा त्यांच्याकडून."

"शिकू, साहेब," आम्ही एका सुरात म्हणालो.