मधला पडदा

तिसऱ्यांदाही लेकीचं मूल पोटात टिकलं नाही, तेव्हा शिवणकाम करणारी आई तिच्यासोबत डॉक्टरीणबाईंकडे गेली. "ही पोटात असताना मी दिवसभर मशीनवर बसायचे. त्याचाच भोग ना हा?" डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन नळ्या काढल्या. "मुलगी आईच्या पोटात अंगठ्याएवढी असते, तेव्हा अशा दोन नळ्या हळूहळू जवळ येतात, एकमेकींना बिलगतात. त्यांचं गर्भाशय होतं आणि मधला पडदा आपोआप विरतो. हिचा विरला नाही. कुणाचीच चूक नाही." आई रेघांवरून बोट फिरवत राहिली. "म्हणजे आतली शिवण उसवायची राहिली?" "अगदी तसंच. ती मी उसवते." आई हमसून रडली. पुढच्या वर्षी, सातव्या महिन्यातल्या एका संथ दुपारी, आईने लेकीच्या पोटाला कान लावला. "काय म्हणतंय गं, आई?" लेकीने मान वाकवून पाहिलं. लेकीच्या कुशीत आई गाढ झोपली होती.