पंधरा मिनिटांवर

“पंधरा मिनिटं!” अप्पांनी हातातला चिमटा टेबलावर आपटला. “पंधरा मिनिटांवर राहतो आणि विचारतोय, येऊ का म्हणून!”

धाकटीने फोन छातीशी दाबून धरला. पलीकडे दादा थांबला होता. त्याला चार दिवसांची रजा मिळाली होती. अप्पांनी स्वतःच्या तोंडाने ‘ये’ म्हणावं, मगच तो तिकीट काढणार होता. नाहीतर पुन्हा विचारणार नाही, असं त्याने बजावलं होतं. अकरा वर्षं बापलेक एकमेकांशी बोलले नव्हते. निरोप पोचवून पोचवून धाकटीची जीभ झिजली होती.

पंधरा मिनिटांचं प्रकरणही तेवढंच जुनं. दादा गेला तेव्हा त्याच्या तिकिटावर छापलं होतं, सुटणार दहा वाजता, पोचणार सव्वादहाला. अप्पा घड्याळजी. त्यांनी डोळ्याला भिंग लावून ते वाचलं, वजाबाकी केली आणि भडकले ते भडकलेच. “मला दाढी करून यायला वीस मिनिटं लागतात,” ते गिऱ्हाइकांना ऐकवत. “म्हणजे हा सलूनपेक्षा जवळ राहतो!” गिऱ्हाइकं आपलं घड्याळ उचलून चालू लागत.

त्यांच्या उशाशी एक घड्याळ होतं. ते कायम मागे असे. घड्याळजीच्या घरात चुकीचं घड्याळ म्हणजे डॉक्टरच्या घरात खोकला, त्यावर कुणी बोलत नसे. धाकटीने एकदा ते पुढे केलं, तेव्हा अप्पा दोन दिवस जेवले नव्हते.

धाकटी विमान कंपनीच्या चौकशी विभागात होती. दिवसभर ती परक्या माणसांना गोड आवाजात आपल्या आणि दादाच्या शहरांबद्दल सांगे. अंतर एकोणीसशे ऐंशी किलोमीटर, प्रवास पावणेतीन तास. परकी माणसं आभार मानत. घरी आलं की सख्खा बाप म्हणे, पंधरा मिनिटं.

आज तिचं डोकं फिरलं.

“अप्पा, तिथली वेळ आपल्या मागे असते! कितीदा सांगू?”

“मागे पडत असेल तर घेऊन यावं इकडे. दुरुस्त करून देतो.”

धाकटीने स्पीकर लावला. “दादा, तुझ्याकडे आत्ता किती वाजलेत ते सांग या माणसाला!”

“पाच वीस. का गं?”

खोलीतल्या तेवीस घड्याळांत सात पन्नास झाले होते. धाकटीने उशाकडे पाहिलं. तिथे पाच वीस.

तिने ते घड्याळ उचललं. “म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?”

“चाळीस वर्षं घड्याळं लावतोय मी,” अप्पा खेकसले. “मला शिकवतेस?”

“मग अकरा वर्षं पंधरा मिनिटं, पंधरा मिनिटं काय लावलंय?”

अप्पांनी भिंग काढून सदऱ्याला पुसलं. ते स्वच्छच होतं.

“एकोणीसशे ऐंशी किलोमीटर म्हटलं, की न येण्यात त्या पोराची चूकच उरत नाही. मग रागवायचं कुणावर?”

फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला. स्पीकर चालूच होता.

“ऐकतोयस काय नुसता?” अप्पा फोनवर ओरडले. “ये की, नालायका!”