खांद्यावरची पट्टी

"अंगावर काय राहिलंय का बघ," फिरोजाखाला म्हणाल्या. "ताईत, दोरा, काय बी. पाणी सगळ्या कातडीला लागाया पायजे."

आतल्या खोलीत फळीवर सासूचा देह चादरीखाली होता. बायकांच्या मय्यतीला आंघोळ घालायला सगळ्या बोर्लीत फिरोजाखालांनाच बोलावत. बोरीचा पाला घालून उकळलेलं पाणी कोमट झालं होतं आणि तांब्या सुनेच्या, काशिफाच्या हातात होता.

"पट्टी हाय खाला, दवाची," ती म्हणाली.

कॅन्सरच्या दुखण्यावर तिच्या नवऱ्याने, रशीदने, कुवेतहून पट्ट्या पाठवल्या होत्या. रोज खांद्यावर एक. सुई नको, गोळी नको. औषधाचे कण म्हणे इतके सूक्ष्म, की कातडीतून आपसूक आत उतरतात. नॅनो म्हणतात त्याला. "नुसती चिकटवायची," असं त्याने फोनवर सांगितलं होतं. पण मेली पट्टी चिकटतच नसे. काशिफाने घामाला बोल लावला आणि चारी बाजूंनी टेप मारली. सासूच्या सेवेत आपण तसूभर कसूर ठेवली नाही, या एका समाधानावर ती सकाळपासून उभी होती.

तिने टेप उचकटली. पट्टी हातात आली. खालच्या बाजूला नख अडकलं आणि तिथून एक पातळ, पारदर्शक पन्नी अलगद सुटली. उघडी पडलेली पट्टी तिच्या बोटाला जी चिकटली, ती झटकूनही निघेना.

एकाही पट्टीची पन्नी तिने कधी काढली नव्हती. अम्मीच्या अंगात औषधाचा कणसुद्धा गेला नव्हता.

आणि अम्मी तर रोज ओरडत होत्या. "आत आग पडलीय गं, काशिफा!" काशिफा म्हणायची, "दवा लावलीय ना? मग दुखंल कशाला? उगाच शेजार जागा करू नका." शेवटी शेवटी अम्मी ओढणीचा बोळा दातांत धरून गप्प पडून राहायच्या. तेव्हा तिला वाटलं होतं, चला, गुण आला एकदाचा.

दाराबाहेरून नणंदेची, इनशाची हाक आली. "भाभी, रशीदभाय फोनवर हाय. इचारतोय, पट्टीनं अम्मीला आराम हुता ना?"

काशिफाने ते बोट मुठीत दाबलं.

"हुता म्हण."

अम्मीच्या खांद्यावर टेपचा काळपट चिकटा राहिला होता. तो निघायलाच हवा होता. तिने त्यावर पाणी ओतलं आणि नखाने खरवडायला घेतला, जोरजोरात, एखादं करपलेलं भांडं घासावं तसा.

फिरोजाखालांनी तिचं मनगट धरलं.

"हळू गं पोरी," त्या म्हणाल्या. "मय्यतीला दुखतं."