अडतीस फोटो

तुलाराम कुमरे शाळेच्या सभागृहातल्या फोटो प्रदर्शनात शिरले ते फक्त स्वतःचा फोटो पाहायला. भंडारा शहरात लाइनमन म्हणून त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करणारी रेणू उईके कॅमेरा घेऊन घरी आली आणि शहरातल्या गोंडांचे फोटो काढतेय म्हणाली, तेव्हा त्यांनी आधी नाहीच म्हटलं होतं. ना डोक्याला मोरपीस, ना गळ्यात ढोल. आपल्याला गोंड कोण म्हणणार? शिवाय चहाच्या टपरीवर कुणी आडनाव विचारलं तरी ते विषय बदलत. शेवटी रेणूनं त्यांचा फोटो ते खांबावर चढलेले असतानाच काढला.

तो फोटो खिडकीजवळ लागला होता. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं : तुलाराम कुमरे, गोंड, लाइनमन. त्यांनी चटकन मागं वळून पाहिलं. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मग नजर शेजारच्या फोटोवर गेली आणि तिथंच थांबली. एसटी स्टँडवरच्या पासच्या खिडकीतल्या बाई! मुलीचा पास ते पाच वर्षं त्यांच्याकडूनच काढत होते. खाली नाव होतं सत्यभामा मरसकोल्हे. पुढं दवाखान्यातली नर्स, जिनं त्यांचा नातू पहिल्यांदा त्यांच्या हातात ठेवला होता. मुलाचे गणिताचे सर. चौकातला हवालदार. मडावी, टेकाम, पंधरे. अडतीस फोटो, आणि प्रत्येकाखाली तोच शब्द : गोंड. तुलाराम एकेका फोटोपुढं उभे राहत गेले. या सगळ्यांना त्यांनी शंभरदा पाहिलं होतं.

रेणू जवळ आली. फोटो पसंत नाही पडला का, असं तिनं हळूच विचारलं.

“मले तं वाटे, या शहरात मी एकटाच आहो,” तुलाराम म्हणाले.

“मलेही तसंच वाटे, काकाजी. म्हणून तं कॅमेरा घेऊन निघाली.”

तेवढ्यात पासच्या खिडकीतल्या बाई नवऱ्यासोबत आत आल्या. स्वतःचा फोटो पाहून लाजल्या. मग शेजारचा खांबावरचा माणूस पाहिला, आणि समोर उभे असलेले तुलाराम.

गावाकडे आपल्या माणसांना करायचा नमस्कार तुलारामांनी शहरात कधी केला नव्हता. त्यांनी हात जोडले.

“जय सेवा, बाई.”

शब्द जरा मोठ्यानंच निघाले. बाईंनी तोंड उघडायच्या आत सभागृहाच्या चारही बाजूंनी उत्तर आलं.