आधी आईच्या आवाजात

वादळामुळे हलवलेल्या लोकांसाठी शाळेच्या हॉलमध्ये जेवणाचे डबे वाटले गेले. तैवानमधले निवृत्त बसचालक शिए युंगफू यांनी आपला डबा तसाच बाजूला ठेवला आणि सवयीने फोनवरून महापौर कुओबाईंच्या सोशल मीडिया पानावर लिहिलं, ‘नवरा नाही, मूलबाळ नाही. ही बाई शहर काय सांभाळणार?’

फोन म्हणाला, "नव्या नियमाप्रमाणे मजकूर आधी आपल्या आईच्या आवाजात ऐकावा."

आणि अकरा वर्षांपूर्वी गेलेली आई स्पष्ट बोलली, "नवरा नाही, मूलबाळ नाही. ही बाई शहर काय सांभाळणार?"

शिएंचं बोट ‘पाठवा’च्या बटणावर थांबलं. नवरा गेल्यावर आई मासळीच्या गाळ्यावर बसली, तेव्हा गल्लीने तिला थोड्याफार फरकाने हेच ऐकवलं होतं. त्या गाळ्यावर तिने तीन पोरं वाढवली.

"पाठवताय ना, बाबा?" मुलगी पेइयुन म्हणाली. "नऊ हजार लोकांनी हेच लिहिलंय. तुमचंच राहून जायचं."

"थांब गं."

कुओबाईंनी वादळाच्या दोन दिवस आधी नदीकाठ रिकामा करवला, तेव्हा शिए मनसोक्त हसले होते. आता नदी त्यांच्या स्वयंपाकघरात होती आणि ते इथे, कोरडे.

त्यांनी मजकूर पुसला. नवा लिहिला, ‘दोन दिवस धावपळ झाली. आता बस जरा. आधी जेवून घे.’

आईने तो वाचला. शिएंनी पुन्हा ऐकला. पुन्हा.

"बाबा, बाईंना पाठवायचंय ते!"

"पाठवतो. एकदाच अजून."

चौथ्यांदा ऐकून त्यांनी तो पाठवला आणि मुकाट्याने डबा उघडला.