वयाचा रकाना

करणच्या तोंडावर पहिला ठोसा बसला, तेव्हा पाहुण्यांच्या वहीत नाव लिहिलेल्या पेनाचं टोपण अजून त्याच्या हातातच होतं. दुसऱ्या ठोशाला दात निखळला. तिसरा गावातल्याच बिभीषणचा होता, आणि बिभीषणच्या मुठीत सायकलची साखळी होती.

मालनबाई टेबलामागून उठल्या. या दीडशे वर्षांच्या दगडी चर्चमध्ये येणाऱ्या पर्यटकांचं सगळं गेली अकरा वर्षं त्याच बघायच्या. चपला बाहेर, उपासनेच्या वेळी फोटो नाही, आणि वहीत नाव, गाव, वय लिहायचं. वयाचा रकाना त्यांच्या नवऱ्याने, बन्सीने, हौसेने आखलेला. चर्चची घंटा तोच वाजवायचा. मंडळीतलं कोणी गेलं की जितकं वय तितके ठोके, त्यामुळे दिसेल त्याला वय विचारायची खोडच त्याला लागली होती. मनोऱ्यातल्या लाकडी जिन्याच्या फळ्यांना वाळवी लागली तरी घंटेला तेल घालायला तो वर जायचाच. कुठली फळी वजन पेलते, हे त्या एकट्यालाच ठाऊक.

गुरुवारी त्याच्यासाठी त्रेसष्ट ठोके पडले.

मागच्या रविवारी भर उपासनेत चार जणांनी ड्रोन उडवला होता. बन्सी अडवायला गेला, तर एकाने त्याला पायऱ्यांवरून ढकलून दिलं. ड्रोन मनोऱ्यात जाऊन अडकला. डोकं फुटलेल्या म्हाताऱ्याला तसंच टाकून चौघं गाडीतून पसार झाले. त्यांची नावंही कोणाला ठाऊक नव्हती. आणि आज तो ढकलणारा, हा करण, ड्रोन न्यायला एकटाच आला होता. निर्ढावलेला म्हणावा की निव्वळ बिनडोक, कोण जाणे.

कबरीपाशी मालनबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "म्या माफ केलं त्याला." ते ऐकून पाळकसाहेबांनाही रडू आवरलं नव्हतं.

आताही त्या गर्दीत घुसल्या. साखळीचा एक फटका त्यांच्याच दंडावर बसला, तशी पोरं थबकली.

"काकी, बाजूला व्हा," बिभीषण म्हणाला. "यानंच काकाला मारलं."

"ठावं हाय मला. पर या पायऱ्यांवर आनिक रगत न्हाई सांडायचं. पोलिसांना फोन लावा. तवर ह्यो माझ्या ताब्यात."

करणची कॉलर धरून त्यांनी त्याला मनोऱ्याच्या दारापर्यंत ओढत नेलं. कडीला 'वर जाऊ नये' अशी पाटी अडकवलेली होती. कडी काढायला त्यांनी पाटी उतरवली, टेबलाखाली टाकली आणि त्याला आत लोटलं.

करणच्या नाकातून रक्त गळत होतं.

"मावशी, त्या बाबांना फार लागलं होतं का?"

"आता काय बी दुखत न्हाई त्यान्ला."

"ही पोरं दार तोडतील हो."

"तोडतील बी. तू वर घंटेपाशी जाऊन बस. तुझं ते यंत्र बी तिथंच हाय."

"जिना पक्का आहे ना?"

"आमचे मालक दर शनिवारी चढायचे."

त्यांनी बाहेरून कडी घातली, टेबल-खुर्ची दारापुढे ओढली आणि तिथेच ठाण मांडलं. एक दगड भिरभिरत आला आणि त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीवर फुटला. त्या हलल्या नाहीत.

"मला मारून आत जा," त्या म्हणाल्या.

बिभीषणने साखळी खाली टाकली आणि तो हमसून हमसून रडायला लागला. मग बाकीचेही एकेक करून कुंपणापाशी जाऊन बसले. पुणतांब्याहून पोलीस यायला अर्धा तास लागणार होता. मालनबाईंच्या पाठीमागे जिन्यावर पावलं वाजत होती, हळूहळू वर जात होती.

बन्सीच्या जागी आलेला नितीन मनोऱ्याबाहेर लोंबणाऱ्या घंटेच्या दोराशी उभा होता. त्याने घड्याळ पाहिलं.

"मावशी, साडेनऊ झाले. उपासनेची घंटा देऊ का?"

मालनबाईंनी वही जवळ ओढली. करणच्या ओळीवर बोट ठेवलं, नावावरून गावावर नेलं, आणि शेवटच्या रकान्यात थांबवलं.

"उपासनेची मागून दे," त्या म्हणाल्या. "आधी अठ्ठावीस ठोके दे."